माझ्या रक्ताच्या नळ्या कुठे आहेत?

प्रति,
टाइप वन मधुमेहाच्या संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्था, त्यांच्या सल्लागार समित्या आणि प्रयोगशाळांचे प्रमुख यांस

विषय : आजाराचं कारण शोधणारे दीर्घकालीन अभ्यास मध्येच बंद करण्याबद्दल

महोदय, महोदया,

गेल्या महिन्यात मला चार ओळींचा ई-मेल आला. ज्या अभ्यासासाठी मी १९ वर्षं दरवर्षी रक्त दिलं, तो ‘निधीचा कालावधी संपल्याने’ बंद झाला आहे, आजवरच्या सहकार्याबद्दल आभार, असं त्यात होतं. खाली कुणाचं नाव नव्हतं. या पत्त्यावर उत्तर पाठवू नये, एवढी सूचना मात्र ठळक अक्षरांत होती. मी तरीही पाठवलं आणि ते परत आलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहिते आहे.

मला मधुमेह नाही, माझ्या बहिणीला आहे. आम्ही जुळ्या, आणि त्याही एकाच बीजापासून झालेल्या, म्हणजे दोघींची जनुकं तीच. ती माझ्याहून ११ मिनिटांनी मोठी आणि तेवढ्या भांडवलावर मी तिला ताई म्हणावं असा तिचा आग्रह असतो. अकराव्या वर्षी तिला सतत तहान लागायला लागली. रात्रीतून चार-चार वेळा उठायची. आमचे कपडे एकाच मापाचे असायचे, त्यामुळे तिचे कपडे तिच्याच अंगावर लोंबायला लागलेत हे आईच्या आधी मला कळलं. ‘कुणाला सांगू नकोस’ म्हणाली, म्हणून मी सांगितलं नाही. दवाखान्यात नेलं तेव्हा ती धापा टाकत होती आणि तिच्या श्वासाला पिकून गेलेल्या फळांसारखा वास येत होता. केटोअ‍ॅसिडोसिस (इन्शुलिनअभावी रक्तात आम्ल साठणं) हा शब्द मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकला. ती वाचली. गेली २७ वर्षं ती इन्शुलिनवर आहे. मी गप्प राहिले ते तीन आठवडे मला अजून विसरता आलेले नाहीत.

घरी भेटायला येणाऱ्या प्रत्येकाकडे कारण तयार होतं. कुणी म्हणे गोड फार दिलंत, कुणी म्हणे तापात दिलेलं इंजेक्शन बाधलं, कुणी म्हणे पोरगी कशाला तरी घाबरली असेल. यातल्या एकाही गोष्टीला आधार नाही हे मला आज माहीत आहे, आईला तेव्हा नव्हतं. ती आम्हा दोघींना समोर बसवून आठवत राहायची, की मोठीला असं काय दिलं जे धाकटीला दिलं नाही. काहीच सापडायचं नाही. कांजिण्यासुद्धा आम्हाला एकाच आठवड्यात आल्या होत्या. आई आता थकली आहे, पण तो हिशेब तिने अजून बंद केलेला नाही. तुमच्याकडे उत्तर नसतं तेव्हा ते घराघरांत असं शोधलं जातं.

मी त्या अभ्यासात गेले ती याच प्रश्नापायी. चोविसाव्या वर्षी माझ्या रक्तात एक प्रतिपिंड (अँटिबॉडी) सापडलं, इन्शुलिन बनवणाऱ्या स्वतःच्याच बीटा पेशींविरुद्ध शरीराने तयार केलेलं. दोन वर्षांनी ते नाहीसं झालं आणि पुन्हा दिसलं नाही. ते का आलं आणि का गेलं, हे विचारलं की दरवेळी एकच उत्तर मिळायचं : पुढच्या नमुन्यात बघू. आता पुढचा नमुनाच नाही.

मी व्यवसायाने ग्रंथपाल आहे, शास्त्रज्ञ नव्हे. पण २७ वर्षं या आजाराबद्दल हाताला लागेल ते वाचत आले आहे, त्यामुळे काय कळलं आहे आणि काय नाही याची थोडी कल्पना आहे. इन्शुलिन मिळालं ते १९२१-२२ मध्ये. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत लेनर्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा त्यावर तगला. पण आजार मुळात काय आहे हे कळायला आणखी जवळपास अर्धं शतक गेलं. १९६५ मध्ये बेल्जियमच्या विली गेप्ट्स यांनी, निदानानंतर लवकरच दगावलेल्या रुग्णांची स्वादुपिंडं सूक्ष्मदर्शकाखाली तपासली आणि इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींच्या बेटांभोवती पांढऱ्या पेशींनी घातलेला वेढा पाहिला. १९७४ मध्ये या बेटांविरुद्धची प्रतिपिंडं रुग्णांच्या रक्तात सापडली. १९८६ मध्ये जॉर्ज आयझेनबार्थ यांनी मांडलं, की हा आजार एका दिवशी कोसळत नाही. जनुकांची तयारी असते, काहीतरी ठिणगी पडते, मग बीटा पेशी वर्षानुवर्षं शांतपणे मरत जातात, आणि तहान लागते ती अगदी शेवटी.

ते ‘काहीतरी’ आजही ‘काहीतरी’च आहे. माझं भांडण त्याबद्दल आहे.

मला सगळ्यात जवळचा वाटणारा प्रयोग मिनेसोटा विद्यापीठातला. १९८० च्या दशकात तिथे डेव्हिड सदरलँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेह नसलेल्या जुळ्याच्या स्वादुपिंडाचा तुकडा मधुमेह असलेल्या जुळ्याला बसवला. जनुकं तीच, त्यामुळे शरीर परका म्हणून तो नाकारणार नव्हतं, आणि प्रतिकारशक्ती शमवणारी औषधं लागणार नाहीत असा कयास होता. ती औषधं न दिलेल्यांमध्ये काही आठवड्यांतच नवा तुकडाही निकामी झाला. आत फक्त बीटा पेशी मेलेल्या होत्या, बाकीचं स्वादुपिंड शाबूत. शरीराला जुनं वैर आठवलं होतं. मी हे बहिणीला वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, ‘म्हणजे तू तुझं अर्धं दिलंस तरी माझं अंग ते खाऊन टाकणार. मग राहू दे तुझ्याकडेच.’

आता तक्रारी.

पहिली तक्रार अशी, की तुमचा उत्साह आजार सांभाळण्याकडे आणि मेलेल्या पेशी बदलण्याकडे सरकला आहे, आणि त्या का मेल्या हा प्रश्न मागच्या बाकावर गेला आहे. मी कृतघ्न नाही. साखर मोजणारा सेन्सर आणि इन्शुलिनचा पंप आल्यापासून बहीण रात्री सलग झोपते. पूर्वी पहाटे तिला हायपो होईल, म्हणजे साखर एकदम घसरेल, या धास्तीने कुणीतरी जागं असायचं, बरेचदा मीच. मूळपेशींपासून बनवलेल्या बेटांची बातमीही मी वाचली. २०२५ मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत पूर्ण मात्रा मिळालेल्या १२ जणांपैकी १० जण वर्षभराने इन्शुलिनशिवाय होते. आम्ही दोघी ती बातमी वाचून रडलो. मग बहिणीने पुढचं वाक्य वाचलं : प्रतिकारशक्ती शमवणारी औषधं कायम घ्यावी लागतात. मिनेसोटातल्या जुळ्यांनी चाळीस वर्षांपूर्वी जे दाखवून दिलं ते अजून आपल्या वाटेत उभं आहे. हल्ला कशामुळे सुरू होतो हे कळत नाही तोवर प्रत्येक नवी पेशी एक तर लपवून ठेवावी लागेल, नाही तर पहाऱ्यात.

आणि कारणाकडे जाणाऱ्या वाटेने गेल्यावर हाताला काही लागत नाही, असंही नाही. टेप्लिझुमॅब बघा. २०१९ मध्ये ७६ जणांवरच्या चाचणीत या औषधाने आजार सरासरी दोन वर्षं पुढे ढकलला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. ते ७६ जण माझ्यासारखेच, रुग्णांचे नातेवाईक होते. तहान लागण्याआधी ते सापडले, कारण कुणीतरी नातेवाइकांचं रक्त वर्षानुवर्षं तपासत बसलं होतं. हेच औषध २०१० मध्ये एका मोठ्या चाचणीने ठरवलेलं उद्दिष्ट गाठलं नाही म्हणून कंपन्यांनी सोडून दिलं होतं. चिकाटीच्या काही संशोधकांनी ते पुन्हा उचललं नसतं, तर ती दोन वर्षं कुणालाच मिळाली नसती. दोन वर्षं म्हणजे किती, ते ११ वर्षांच्या मुलीच्या घरी विचारा.

दुसरी तक्रार वेळेबद्दलची आहे. पाच-पाच वर्षांच्या निधीत अर्ध्या आयुष्याचे प्रश्न सुटत नाहीत. टेडी या अभ्यासाने अमेरिका, फिनलंड, जर्मनी आणि स्वीडनमध्ये सव्वाचार लाखांच्या आसपास नवजात बाळांची जनुकं तपासली, त्यातली ८,६७६ बाळं निवडली आणि वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत त्यांचा पाठपुरावा धरला. त्यातून कळलं, की पहिलं प्रतिपिंड बरेचदा पहिल्या-दुसऱ्या वर्षातच उगवतं. इन्शुलिनविरुद्धचं आधी येणारी मुलं वेगळी आणि गॅड या प्रथिनाविरुद्धचं आधी येणारी वेगळी, दोघांची जनुकंही वेगळ्या वळणाची. कळलं, की आतड्यात राहणारा एन्टेरोव्हायरस एकदा येऊन गेला तर फारसं बिघडत नाही, पण तोच विषाणू महिनोन् महिने विष्ठेत सापडत राहिला तर प्रतिपिंडं येण्याची शक्यता वाढलेली दिसते. सहा-सात वर्षांनी हा अभ्यास गुंडाळला असता, तर यातलं किती हाताला लागलं असतं?

पण १५ व्या वर्षी तरी का थांबायचं? २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या जनुकीय माहितीसाठ्यावरून दिसलं, की साठीच्या आत टाइप वन होणाऱ्यांपैकी ४२ टक्के लोकांना तो तिशीनंतर होतो. त्याच्या दहा वर्षं आधी, २००८ मध्ये, ८३ जुळ्यांचा एक दीर्घकालीन पाठपुरावा प्रसिद्ध झालेला आहेच : एका भावंडाला टाइप वन असेल, तर एकाच बीजाच्या दुसऱ्यालाही साठीपर्यंत तो होण्याचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या घरात गेलं. म्हणजे मी ३८ व्या वर्षी सुटलेली नाही. मी रांगेत आहे. आणि रांगेतल्या माणसावर नजर ठेवणं तुम्ही बंद केलंत.

फिनलंड आणि त्याला लागून असलेला रशियाचा करेलिया प्रांत यांचं कोडंही असंच अर्धवट पडलं आहे. फिनलंडमध्ये हा आजार जगात सर्वाधिक. सीमेपलीकडे, जनुकीय जोखीम जवळपास तेवढीच असताना, तो सुमारे सहापट कमी. गंमत म्हणजे एन्टेरोव्हायरसच्या खुणा करेलियातल्या मुलांमध्ये उलट जास्त सापडल्या. मग विषाणू दोषी, की तो उशिरा भेटणं दोषी, की आतड्यातले जिवाणू, की घराची अति स्वच्छता? प्रत्येक उत्तराची एक वेगळी बाजू घेणारे लोक आहेत. प्रश्न धरून ठेवणारे मला कमी दिसतात.

उंदरांबद्दल थोडक्यात. एनओडी नावाचा, आपोआप मधुमेह होणारा उंदीर १९८० मध्ये जपानमध्ये तयार झाला आणि तेव्हापासून तो शेकडो वेळा ‘बरा’ झाला आहे. त्या जातीत माद्यांना आजार कितीतरी जास्त होतो, माणसांत तसं होत नाही. उंदीर बंद करा असं मी म्हणत नाही. पण उंदीर बरा झाल्याची बातमी आली की माझी आई अजून फोन करते, एवढं लक्षात असू द्या.

मला खरी तळमळ आहे ती माणसाच्या स्वादुपिंडाबद्दल. रक्तात आपल्याला पळून आलेल्यांच्या पाऊलखुणा दिसतात, खरी मारामारी आत चालू असते. २००७ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात एनपॉड हे जाळं उभं राहिलं, ते अवयवदात्यांची स्वादुपिंडं जगभरच्या संशोधकांना अभ्यासायला देतं. त्यातून समजुती हलल्या. एकाच स्वादुपिंडाचा एक कप्पा उजाड असतो आणि शेजारचा जवळजवळ निरोगी. ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडं होती पण मधुमेह झाला नव्हता, त्यांचंही स्वादुपिंड लहान आढळलं. इंग्लंडमधल्या एक्सेटरच्या संशोधकांनी दाखवलं, की सात वर्षांच्या आत आजारी पडलेल्या मुलांच्या बेटांत बी पेशींची (या बीटा पेशी नव्हेत, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) गर्दी असते आणि इन्शुलिन फारसं उरलेलं नसतं. तेराव्या वर्षी किंवा नंतर निदान झालेल्यांत ती गर्दी कमी आणि उरलेल्या पेशी जास्त. हा एकच आजार आहे का, की एका नावाखाली दोन? माझी बहीण ११ व्या वर्षी आजारी पडली, ती नेमकी मधल्या पट्टीत. नॉर्वेत नुकतंच निदान झालेल्या सहा प्रौढांनी जिवंतपणी आपल्या स्वादुपिंडाचा तुकडा काढू दिला. त्यांच्या बेटांत एन्टेरोव्हायरसच्या खुणा मिळाल्या, पण शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली आणि तो अभ्यास सहा जणांवरच थांबवावा लागला. थांबवला हे योग्यच. पण त्या सहा जणांनी जे दिलं त्याची किंमत पुढच्या निधीच्या बैठकीत कुणी काढतं का?

आणि हे सगळं ज्ञान कुणाचं आहे? जोखमीची जनुकं, जोखमीचं गुणांकन, प्रतिपिंडांच्या पायऱ्या, बहुतेक सगळं युरोपीय वंशाच्या लोकांवर उभं आहे. २०२५ मध्ये कॅमेरून, युगांडा आणि दक्षिण आफ्रिकेतल्या ८९४ रुग्णांचा अभ्यास आला. लहान वयात टाइप वन म्हणून निदान झालेल्या या लोकांपैकी सुमारे ६५ टक्क्यांच्या रक्तात नेहमीची प्रतिपिंडं नव्हतीच. बहुतेकांच्या जनुकांतही ती ओळखीची जोखीम कमी होती. म्हणजे तिथे जो आजार टाइप वन म्हणून हाताळला जातो, त्याचा बराचसा भाग कदाचित वेगळाच आहे. अर्ध्याहून अधिक जगाचं स्वादुपिंड न उघडता तुम्ही ‘टाइप वनचं जीवशास्त्र’ असं शीर्षक कसं देता?

शेवटची तक्रार माझ्यासारख्यांची. तुम्ही ज्यांना आजार झाला त्यांना मोजता. दोन किंवा अधिक प्रतिपिंडं असलेल्या मुलांपैकी सुमारे ७० टक्क्यांना दहा वर्षांत आजार होतो, हा आकडा पाठ आहे सगळ्यांना. उरलेल्या ३० टक्क्यांना कशाने तारलं? एकच प्रतिपिंड येऊन जातं त्यांच्या शरीरात समझोता कोण करतं? बोस्टनच्या जोस्लिन केंद्रात ५० वर्षांहून अधिक काळ इन्शुलिनवर असलेल्यांना तपासलं, तर अनेकांच्या शरीरात अजून थोडं का होईना इन्शुलिन बनत होतं. त्या पेशी अर्धं शतक मारेकऱ्यांसोबत कशा राहिल्या? पडलेल्या घरांचा पंचनामा खूप झाला, त्याच वादळात उभी राहिलेली घरंही बघा.

माझ्या मागण्या साध्या आहेत.

कोणताही दीर्घकालीन अभ्यास बंद करण्याआधी सहभागी लोकांना किमान वर्षभर आधी कळवा, कारणासकट, आणि खाली सही करणाऱ्या माणसाचं नाव द्या. रक्त, विष्ठा, पेशी यांचे साठवलेले नमुने नष्ट करू नका. अभ्यास संपला तर ते दुसऱ्या संशोधकांना वापरता येतील अशा सामाईक साठ्याकडे जाऊ द्यात. माझ्या ग्रंथालयात वाळवी लागलेलं पुस्तकसुद्धा नोंद केल्याशिवाय आणि कुणाची तरी सही घेतल्याशिवाय रद्दीत जात नाही. फसलेल्या चाचण्यांचे निकाल यशस्वी चाचण्यांइतक्याच तत्परतेने प्रसिद्ध करा. बाळांना वेगळ्या प्रकारचं दूध देऊन टाइप वन टाळता येईल का, हे पाहणाऱ्या मोठ्या चाचणीचं उत्तर २०१८ मध्ये ‘नाही’ असं आलं, आणि ते छापलं गेलं म्हणून कितीतरी आयांच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. कारणांच्या शोधासाठी निधीचा एक ठरलेला वाटा राखून ठेवा, ज्याला पाच वर्षांत उपचार दाखवा अशी अट नसेल. प्रौढांचा, आजार न झालेल्या जुळ्यांचा आणि आजवर वगळलेल्या खंडांतल्या लोकांचा पाठपुरावा त्या वाट्यातून करा. आणि हे पैसे कुठे जातात ते ठरवणाऱ्या समितीत, ज्यांच्या नसा तुम्ही टोचता त्यांच्यापैकी कुणाला तरी बसवा, नुसतं चहापुरतं नव्हे, मत देण्यापुरतं.

बहिणीने हे पत्र वाचलं. तिने तीन विशेषणं खोडली आणि म्हणाली, ‘नळ्यांचं काय झालं ते आधी विचार.’ तेच विचारते. १९ वर्षांच्या माझ्या नळ्या कोणत्या फ्रीझरमध्ये आहेत, की नाहीत? चोविसाव्या वर्षीची नळी, ज्यात ते प्रतिपिंड होतं, आणि सव्विसाव्या वर्षीची, ज्यात ते नव्हतं, या दोन तरी शाबूत आहेत का?

उत्तर दोघींच्या नावे पाठवा. अभ्यास पुन्हा सुरू झाला तर मी यायला तयार आहे. रक्त डाव्या हातातून घ्यावं लागेल, उजव्या हाताची शीर सापडत नाही. तुमच्या नोंदींमध्ये हे असेलच, नोंदी ठेवल्या असतील तर.

आपली,
११ मिनिटांनी धाकटी